मोगऱ्याचं पाणी

मावशीचं इस्त्रीचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरची एकच खोली. पुढच्या अर्ध्यात टेबल, कोळशाची इस्त्री आणि कपड्यांची गाठोडी. पडद्यामागच्या अर्ध्यात शेगडी, खाट आणि संसार. दाराशी मोगऱ्याचं झुडूप. ते लावलं तेव्हा नवरा कुरकुरला होता, "गिऱ्हाईक आत यायला वाट ठेव म्हणजे झालं." पुढं त्याच झुडपानं गिऱ्हाईक आत आणलं.

मोगऱ्याला लाड सोसत नाहीत, असं मावशी म्हणायची. थंडी सरत आली की ती त्याची पानं ओरबाडून काढी, फांद्या निम्म्यावर आणी आणि पुढं काही दिवस त्याला पाण्याचा थेंब दाखवत नसे. जाणारे-येणारे हळहळायचे.

"अगं, जीव घेतेस का त्याचा?"

"उठवतेय त्याला. झोपलाय मेला."

मग एके दिवशी आळं भरून पाणी, बुंध्याशी इस्त्रीतली गार राख, आणि ऊन तापलं की शेंड्याशेंड्याला कळ्या.

टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या ती दुपार कलताना खुडून पसरट तसराळ्यातल्या पाण्यावर सोडी. संध्याकाळी त्या उमलू लागत, रात्रीत पुऱ्या फुलत. सकाळी फुलं काढायची आणि तेच पाणी कपड्यांवर शिंपडून इस्त्री फिरवायची. एवढीच युक्ती. पण पाणी मोठं दगाबाज. उकाड्यात बघता बघता आंबायचं आणि आंबूनही तसंच नितळ दिसायचं. नाकाशिवाय कळायची सोय नाही. काकांचं, म्हणजे नवऱ्याचं, नाक तपकिरीनं कधीच खाल्लेलं. तेव्हा दुकानात नाक एकच. मावशी तसराळ्यावर वाकून "चालेल" म्हणायची नाहीतर "ओता", आणि काका निमूट ऐकायचे. बाकी कशातही ते तिचं ऐकत नसत.

एका थंडीत मावशी तापानं आडवी झाली. ताप उतरला, पण नाक परतलं नाही. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एकदा शेगडीवर दूध करपलं, ते तिला डोळे चुरचुरल्यावर समजलं. तिनं पातेलं घासून ठेवलं. कुणाला बोलली नाही. गुडघे गेले होते, नजर जाड चष्म्याला टेकली होती. दुकानात आपली म्हणून उरली होती ती एवढीच गोष्ट. तीही गेली म्हटल्यावर आपण कशाला उरायचं?

छाटणी झाली, राख घातली, कळ्या आल्या. रोज सकाळी ती तसराळ्यावर वाके, सवयीनं डोळे मिटी आणि अंदाजानं बोले. भीतीपोटी "ओता"च जास्त.

"अर्धं झुडूप गटारात घातलंस यंदा," काका एके दुपारी करवादले. "नाक आहे का नखरा?"

ते तिला झोंबलं. सकाळचं शिळं पाणी तसराळ्यात तसंच होतं. "चालेल," ती म्हणाली.

नेमका तेव्हाच बेकरीवाला दारात आला. अंगावर पिठाचा डाग नाही, म्हणजे भट्टी बंद. हातात पांढरा सदरा.

"मावशी, आबा गेले सकाळी. हा घालायचाय त्यांना. तेवढा करून द्या."

काकांनी हातातलं काम बाजूला सारलं. सदरा शिंपडला, कॉलर, बाह्या, पाठ, सगळं जीव लावून केलं. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

थोड्या वेळानं बेकरीवाला परत आला. सदरा हातावर तसाच घडी केलेला.

"काका, राग मानू नका. याला वास येतोय. आंबलेल्या कणकेसारखा."

"आमच्या पाण्याला?" काका उसळले. "तुझ्या नाकात भट्टी भरलीय, बाबा. दुःखात माणसाला काहीही भासतं." मग मावशीकडं वळले. "सांग ग त्याला. तुझं नाक कधी चुकलंय का?"

मावशीनं सदरा घेतला. नाकाशी नेला, तोंड खुपसलं. कापड ऊबदार होतं. बाकी काही नाही. एक शब्द बोलली असती तर काकांनी पोराला वाटेला लावलं असतं, आणि म्हातारा त्याच वासात गेला असता.

"तो म्हणतो ते खरं असेल," ती म्हणाली. "मला कळत नाही. त्या तापापासून काहीच कळत नाही मला. अंदाजानं सांगत होते."

काकांच्या हातातली तपकिरीची डबी तशीच राहिली. "आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

ती सदरा घेऊन मोरीवर गेली. साबण लावून धुतला, पिळला. काकांनी निखारे फुंकले आणि ओला सदराच इस्त्रीनं वाळवायला घेतला. वाफ निघत राहिली. बेकरीवाला स्टुलावर बसून होता. मध्येच उठून बाहीला नाक लावी, मान हलवी, पुन्हा बसे.

"आता?" काकांनी विचारलं.

"गेला. नुसतं गरम कापड." तो घुटमळला. "आबा तुमच्याकडचा सदरा घालायच्या आधी हुंगायचे. आई हसायची त्यांना."

मावशी दाराशी गेली. दुपारच्या कळ्या घट्ट मिटलेल्या. तिनं त्यातल्या दोन बोटांनी दाबून पारखल्या, खुडल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

"आत्ता वास नाही यांना," ती म्हणाली. "संध्याकाळी उमलतील. तोवर तुम्ही पोचाल ना तिथं?"

"पोचू," तो म्हणाला आणि त्याचा बांध फुटला.

काकांनी तपकीर सोडून बघितली. आठवडाभर चिडचिड केली, नाक काही परत आलं नाही. डबी पुन्हा खिशात गेली. "चालेल" म्हणायची वेळ आली की दोघंही एकमेकांकडं बघत बसायची.

भट्टी पुन्हा सुरू झाल्यावर बेकरीवाला सकाळी घरी जाताना आपणहून थांबला. डोक्याचं फडकं काढून तसराळ्यावर वाकला.

"तुझ्या नाकात तर मैदा," काका म्हणाले.

"तरी तुमच्यापेक्षा बरं." त्यानं मान हलवली. "ओता, मावशी."

मावशीनं तसराळं दोन्ही हातांनी उचललं आणि मोगऱ्याच्या आळ्यात रिकामं केलं.