चिंधी बांधलेलं केशर

माझी शाळा चौथीत संपली. पुढचं आयुष्य कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात गेलं. तिथल्या फंडाच्या पैशातून डोंबिवलीत घर घेतलं आणि आतली खोली आम्हा नवरा-बायकोची म्हणून ठेवली. बायको त्याच खोलीत गेली. मीही तिथूनच जायचं ठरवलेलं.

गेल्या श्रावणात मुलगा म्हणाला, "बाबा, खोली तेवढी द्या. केशर करायचंय. तुळशीच्या लग्नापर्यंत फुलं संपतात, मग खोली तुमची."

"डोंबिवलीत केशर?"

"एसीत होतं हो. मोबाईलवर बघून शिकलोय."

माझी कॉट हॉलमध्ये आली, टीव्हीसमोर. खोलीत रॅक लागले, कल्याणहून ट्रे आले, काश्मीरहून कंद आले. दिसायला बारके कांदे. ना माती, ना पाणी, नुसते ट्रेमध्ये मांडून ठेवलेले. कांदे एसीत आणि मी बाहेर घामात.

पण फुललं. खोटं कशाला बोलू, देखणं फुललं. जांभळं फूल, आत तीन लाल तंतू. सून रोज सकाळी फुलं खुडायची.

आमच्या गावी भेंडीचं सगळ्यात चांगलं झाड बियाण्याला राखतात. त्याला चिंधी बांधली की घरची कोणी बाई हात लावत नाही. मुलगा कामासाठी नाशिकला गेलेला, तेव्हा मी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या आणि टपोऱ्या फुलांना बांधल्या. सुनेला बजावलं, "ही खुडायची नाहीत. बी धरू दे. पुढच्या वर्षी खाली सोसायटीच्या वाफ्यात पेरू, माझी खोली सुटेल."

मुलगा परत आला तोवर ती फुलं मऊ पडून ट्रेला चिकटलेली.

"बाबा, काय केलंत हे! केशराला बी धरतच नाही. वांझ असतं ते."

"झाड आहे ना? मग बी धरणारच."

"अहो, आईकडून एक, बापाकडून एक, असे गुणांचे दोन संच असतात. याच्यात तीन आहेत. सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी होत नाही. कंदाचा कंद लावत लावत माणसांनीच हे जगवलंय."

"मग फुलतं कशाला?"

"आपल्यासाठी."

मला नाही पटलं, आजही पटत नाही. बी येईपर्यंत थांबायला धीर लागतो, तो या पिढीत नाही.

त्या रात्री जेवताना तो सुनेला शिकवत होता. गाजरात असतो त्याच घराण्यातला एक रंग हे झाड दोन्ही टोकांना तोडतं. मधल्या तुकड्याचा केशराचा रंग होतो, टोकांचा कडूपणा. तंतू वाळवले की तो कडूपणा मोडतो आणि त्याचाच वास सुटतो.

सून म्हणाली, "मग बाबांनाही गच्चीत वाळत घालूया का?"

मुलगा हसला. मी ताटावरून उठलो.

तुळशीचं लग्न झालं. मी वळकटी काखेत मारून खोलीच्या दारात उभा राहिलो. मुलगा ट्रेमध्ये माती भरत होता.

"आता काय?"

"आता मातीत लावायचे. बाहेर उकाड्यात टिकणार नाहीत. आता पात वाढेल, खाली पिल्लं धरतील. त्यांना पोसून जुना कंद वाळून जातो. उन्हाळाभर पिल्लं पडून राहतात आणि श्रावणात पुन्हा मांडायची."

"म्हणजे खोली?"

त्याने वर पाहिलं नाही. बोटांनी माती दाबत म्हणाला, "ट्रे वाढतील ना, बाबा."

वळकटी मी परत कॉटवर टाकली. थोड्या वेळाने सून केशराचं दूध घेऊन आली. "घ्या, घरचं आहे." रंग चांगला उतरलेला. रंगात जन्म गेला माझा, खोटं बोलणार नाही. पण पेल्याला हात लावला नाही. दुधावर साय धरली, तरी तो तिथेच होता. शेवटी तिनेच उचलून नेला.

तेव्हापासून केशर घातलेलं काही मी या घरात खात नाही. सणालाही नाही.