कॅन्टीनला गेलेली यादी

तुला आनंद कशात वाटतो, असं विचारणारी माझीच लेक होती, म्हणून वाचली. दुसरं कुणी असतं तर उंबऱ्यावरूनच हाकलून दिलं असतं.

लेक साताऱ्याला शाळेत शिकवते. तिथं कसल्याशा शिबिरात बायकांनी आपापल्या आनंदाची यादी करावी, असं सांगितलं म्हणे. लगेच मला फोन. "आई, दहा गोष्टी लिही. मन हलकं होतं." मी म्हटलं, "माझं मन म्हंजे काय उसाची ट्रॉली हाय व्हय, हलकं करायला?" ती हसली. मला काही हसू आलं नाही. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांनी असल्या याद्या कराव्यात, असं माझं स्पष्ट मत होतं.

पण खरं सांगायचं तर राग यादीचा नव्हताच. हाताला काम नसलेली बाई आता मीच होते, त्याचा होता.

आमचे मालक फौजेत होते. लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं त्यांनी सीमा सांभाळली आणि पलूसजवळचा आमचा दीड एकर ऊस मी सांभाळला. सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, जायचे. गेल्या दिवाळीला पेन्शनीवर कायमचे आले आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं. "लय केलंस. आता आराम कर." सगळी आळी म्हणाली, सुटलीस बाई! सुटले? कशातून? मुडदा बशिवला त्या आरामाचा!

उसाला पाणी पाजायचं म्हणजे दारं धरायची. एका सरीचं तोंड खोऱ्यानं फोडायचं, पाणी शेवटाला पोचलं की मातीनं बुजवायचं आणि पुढची सरी फोडायची. पाण्याची पाळी आली की अख्खा दिवस मी रानात असायचे आणि त्या दिवशी सासूबाईसुद्धा मला हाक मारायच्या नाहीत. कुठली सरी किती वेळात भरते, हे माझ्या पायांना ठाऊक होतं. आणि हे गृहस्थ! बूट घालून दारं धरणार. घाई करून दोन सऱ्या एकदम फोडणार, बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं की ओरडणार माझ्यावर. मी बांधावर जेवणाचा डबा घेऊन उभी. बघायचं आणि गप्प बसायचं. दात-ओठ खाऊन माझे जबडे दुखायला लागले होते.

अशीच एका दुपारी डबा पोचवून आले आणि तणतणत लिहायलाच बसले. कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. दहा कुठल्या, पाचच निघाल्या. एकटीनं उसात दारं धरणं. भरलेल्या सरीत अनवाणी उभं राहणं. बांधावर बसून भाकरी खाणं, तीही कुणाला वाढायची नसताना. पाळी संपली की मोटर आपल्या हातानं बंद करणं. आणि पाचवी, मालक घरात नसणं. लिहिलं आणि लय बरं वाटलं. मग लाजही वाटली, पण खोडलं नाही. पान चहाच्या डब्याखाली सरकवलं आणि कामाला लागले.

आता फौजीच्या घरात चहाच्या डब्याखालचा कागद म्हणजे काय, हे मला कळायला नको होतं? कॅन्टीनची यादी! साबण, तेल, चहापत्ती असं सगळं लिहून दर महिन्याला मी तिथंच ठेवते आणि मालक सांगलीला जाऊन माजी सैनिकांच्या कॅन्टीनमधून माल आणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते, तेवढ्यात त्यांनी पान खिशात घातलं, पिशवी उचलली आणि एसटी धरली. घरात येऊन बघते तर डब्याखाली काही नाही. फोन लावला, उचलला नाही.

दुपारी परत आले. पिशवी रिकामी. तांब्याभर पाणी प्याले आणि कागद माझ्यापुढं ठेवला.

"माझा नंबर आला. काउंटरवरचा म्हणाला, वाचा काय काय पायजे ते. मी वाचाय लागलो."

"मोठ्यानं?"

"पहिलं मोठ्यानं वाचलं. मागं रांगेतले हसले. बाकीचं मनात वाचलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला म्हणून तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "मग? खोटं हाय का त्यातलं काय? आवं, तुमी यायच्या आदी मला काम हुतं, मान हुता. तुमी आलासा आन् मला बांधावर बशिवलंसा!"

तेही भडकले. "तिकडं बर्फात हुबा राहून मी काय आठवत हुतो, ठावं हाय तुला? घरी जायाचं आन् उसाला पाणी पाजायचं. चोवीस वरसं ह्येच! माझी बी यादी लिव की. येकच गोष्ट हाय तिच्यात."

"म्हंजे तुमच्या यादीत मी न्हाईच."

त्यांनी कागदातल्या पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् तुझ्या यादीत मी हाय. असा."

कीव आली त्यांची, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला. रात्री दोघं एकमेकांकडं न बघता जेवलो.

पुढच्या आठवड्यात पाण्याची पाळी आली. सकाळी उठून मी खोरं घेतलं आणि कुणाला न विचारता रानात गेले. ते मागून आले आणि बांधावर बसले. बसले ते बसले, वर तोंडाचा पट्टा चालूच. इकडं फोड, तिकडं बुजव, अगं पाणी चाललं वाया! मी एक अक्षर ऐकलं नाही. बारा वाजेपर्यंत त्यांचा आवाज बंद झाला. वळून बघितलं तर सरीच्या तोंडातून आत चाललेल्या पाण्याकडं एकटक बघत बसले होते. चोवीस वर्षं आठवलेलं पाणी, आणि मी बांधावर बशिवलेला माणूस. स्वतःचाच संताप आला मला.

"या," मी म्हटलं. "येक सरी दिती. येकच. मी सांगीन तवाच फोडायची."

त्यांनी खोरं घेतलं, पण सरी फोडली नाही. थांबले. आधीच्या सरीच्या शेवटाला मी उभी होते, पाणी माझ्या पायाशी येईतो थांबले, मग माझ्याकडं बघितलं.

"आता?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्यांनी मला विचारून काही करायची ही पहिलीच वेळ.

"आता फोडा," मी म्हटलं. "आन् भरली की खोरं हिकडं द्या."