धडगावच्या भिंतीवरचे देव

श्रावणात सातपुडा बघायला जाणाऱ्यांचे फोटो मी फोनवर बघत असते. धबधबा, ढग, हातात भाजलेलं कणीस. आम्ही मात्र धडगावला एक भिंत बघायला गेलो. लेकीचा फोन आला होता, "माय, घरमांगनी भिंतनं पोट पुढे ई ऱ्हायनं. तू येस का?" वैशाली तिथे शाळेत शिकवते. जावईबापू प्रशिक्षणासाठी नाशिकला गेलेले, आणि घरात पाच महिन्यांची नात. मी लगेच पिशवी भरायला घेतली.

हे म्हणाले, "भिंत पाह्याले आपण काय गवंडी का?"

मी म्हटलं, "नात पाह्याले तर तुम्ही आजोबा ना? चला."

रविवारी सकाळी तळोद्यापर्यंत एसटीने गेलो. माझं तिकीट अर्धं, ह्यांचं पूर्ण. गाडी सुटायच्या आत हा फरक मी त्यांना दोनदा सांगितला. पुढे घाटात पावसाळ्यात एसटीचा भरवसा नसतो, म्हणून जीप. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: जीप भरली असं आपल्याला वाटतं, तेव्हा ती अर्धी भरलेली असते. पोटात ढवळत असेल तर लिंबू घरूनच न्या आणि पुढची सीट आधीच मागा. मी मागितली आणि मिळाली. हे मागे कोंबड्यांशेजारी बसले.

चांदसैली घाट सुंदर आहे, पण त्याचं सौंदर्य अधूनमधून रस्त्यावर येऊन पडतं. एका वळणावर लाल मातीचा ढीग आडवा आला होता आणि जेसीबी तो उचलत होता. आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला बसला. "कालपण इथेच थांबलेलो," तो म्हणाला.

मागून हे ओरडले, "मंग एकदाच पुरी काढी टाका ना ती माटी!"

"काका, खालून काढतात म्हणून तर वरून येते. सगळी काढायची तर डोंगरच न्यावा लागेल."

समोर रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळीत दगड रचून केलेल्या भिंती होत्या. फटीफटींतून पाणी वाहत होतं. एवढा खर्च केला, तर वरून गिलावा करायला काय झालं होतं, असं माझ्या मनात आलं. फुकटचा सल्ला द्यायला तिथे कुणी साहेब नव्हता, म्हणून माझी अब्रू वाचली.

धडगावात वैशालीची भाड्याची खोली जीप स्टँडमागच्या बोळात आहे. एका बाजूला घरांची ओळ, दुसऱ्या बाजूला डोंगर कापून बांधलेली उंच दगडी भिंत, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. स्वयंपाकघराची खिडकी थेट भिंतीवर उघडते. मी गेल्यागेल्या त्या भिंतीचं दर्शन घेतलं, आणि दर्शन हाच शब्द बरोबर. गणपती, महादेव, देवी, मारुती, दत्त, शेवटी एक क्रूस, सगळे चकचकीत टाइलांवर ओळीने बसलेले. मी चप्पल काढून एकेकाच्या पाया पडत निघाले.

वैशाली दारातून म्हणाली, "माय, तू देव पाही ऱ्हायनी. भिंत पाह्य ना!"

मग भिंत पाहिली. मधोमध ती फुगली होती, दिवस भरत आलेल्या बाईसारखी. एका कडेने वरपासून खालपर्यंत फट गेली होती. आणि खिडकीच्या आत, भिंतीपासून चार पावलांवर, नातीचा पाळणा टांगलेला. मी आधी पाळणा सोडवून पुढच्या खोलीत लावला, चहा नंतर घेतला.

संध्याकाळी घरमालक आप्पा आले. देवांचं कौतुक करताच ते खुलले. "ताई, स्टँडवरचा प्रत्येक माणूस या भिंतीशी येऊन उभा राहायचा. बोळात नाक दाबून चालावं लागे. देव बसवले आणि एका दिवसात बोळ स्वच्छ! आणि चमत्कार सांगू? भिंतीतून घाण पाणी गळायचं, तेही थांबलं!"

मी हात जोडणार होते. पण वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं की हात पदर सारखा करण्यात गेले.

सोमवारी सकाळी, वैशालीने नगरपंचायतीत अर्ज केला होता म्हणून, एक तरुण इंजिनीअर साहेब दोन मजूर घेऊन आले. भिंतीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "हिला पाणी जायला पाइप ठेवलेच नाहीत?"

"होते की," आप्पा म्हणाले. "गवंड्याने कापून सिमेंटने बुजवले. टाइल सपाट बसत नव्हती."

साहेब आमच्या पायरीवर मटकन बसले. वैशालीने पाणी दिलं. मग त्यांनी समजावलं. मागची माती पाऊस पिते. ते पाणी या पाइपांतून बाहेर पडलं तर भिंतीला फक्त माती पेलायची. पाइप बंद झाले की पाणी आत साचतं, माती जड होते आणि दोन्ही मिळून भिंतीला ढकलतात. "आजच पाइप मोकळे करायला हवेत, पुढचा जोराचा पाऊस यायच्या आत." माझ्या डोळ्यांसमोर घाटातल्या त्या जाळीच्या भिंती आल्या. बरं झालं गिलावा नव्हता.

"मंग करा ना," हे म्हणाले.

साहेबांनी देवांकडे पाहिलं. "टाइल मी काढणार नाही, काका. कुणी व्हिडिओ काढला की माझी बदली पक्की." मजुरांनी पहारी खाली ठेवून कानाला हात लावले. आप्पा म्हणाले, "मी बसवले, मीच कसे उपटू?" वर डोंगरावर ढग उतरत होते. काय करायचं ते सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळेच फार श्रद्धाळू होते.

त्या दिवशी माझा सोमवारचा उपास. ताट घेतलं, त्यात हळदकुंकू, अक्षता, निरांजन ठेवलं आणि पदर खोचून बोळात आले. म्हटलं, गणपती आपण दरवर्षी आणतो आणि उत्तरपूजा करून पोचवतोच ना? यांनाही पोचवू.

"ताई, पाप लागेल," आप्पा म्हणाले.

"माझ्या नावावर घाला. पण देवांना तुम्ही कोणत्या कामाला इथे उभं केलं होतं, त्याचं पुण्य आधी मोजा."

आप्पांची बायको दारात तोंडाला पदर लावून हसली.

मी एकेकाला अक्षता वाहिल्या. क्रुसापुढे काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. म्हटलं, "बाबा, तुम्हीही चला, इथे दाटी आहे." मग ह्यांनी छिन्नी घेतली.

"हळू, मारुतीनी शेपटीले लागी जाई!"

"तू आरती म्हन. मन्हा हात नको धरू."

सगळे देव अखंड निघाले. टाइला ताटात रचून ताट आप्पांच्या हातात दिलं. "आता घरात बसवा आणि रोज पूजा करा." ते ताट सांभाळत घरात गेले. मजुरांनाही मग धीर आला. पहिल्या पाइपातला सिमेंटचा गोळा पहारीने फुटला आणि आतून गढूळ पाण्याची चिळकांडी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. साहेब ओरडले नाहीत, हसले. दुपारपर्यंत सगळे पाइप धो धो वाहत होते.

पुढे आलेलं पोट मागे जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. पावसाळा संपला की भिंत उतरवून नव्याने बांधावी लागेल. तोवर फटीवर त्यांनी सिमेंटची पातळ पट्टी मारली. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकतेय असं समजायचं आणि त्याच घटकेला खोली सोडायची.

मी वैशालीला म्हटलं, "तान्हीले लिसन घर चाल." ती म्हणाली, "माय, मन्ही शाळा कोन लेई?" मी आमची पिशवी भरायला घेतली. मंगळवारी धडगावचं आमचूर घेऊन आम्ही परतलो. तिकडे गेलात तर जरूर घ्या. आंबट आहे आणि आमच्याकडच्यापेक्षा स्वस्त.

घरी येऊन पंधरवडा झाला. रोज एक फोन असतो. पट्टी अजून शाबूत आहे. देव गेल्याचं स्टँडवर कळलं, तेव्हा माणसंही पुन्हा भिंतीशी येऊन उभी राहू लागली. वैशाली खिडकीतून ओरडते, आप्पा काठी घेऊन धावतात, घरी सकाळची पूजा आटोपली असेल तर. साहेब म्हणाले म्हणे, त्या पाण्याने भिंतीला धोका नाही.

ह्यांना ते ऐकून फार हसू आलं. मला अजून पुरतं येत नाही. संसारात आजवर मी प्रत्येक गळतीला नावं ठेवली. नळाची, छपराची, ह्यांच्या खिशाची. आता बाहेर पाऊस सुरू झाला की मी देवघरात दिवा लावते, हात जोडते आणि मागते: देवा, धडगावची तेवढी भिंत गळत राहू दे.