दामाजीची काळी भुकटी

दामाजी भोईर बाटलीचं झाकण टेबलावर ठेवत नसे, मुठीत धरून उभा राही. त्याच्या खिशात फुटक्या स्पीकरचं चुंबक असे. बोलताना त्याला किल्ल्या चिकटवायचा, सोडवायचा. नव्या ठिकाणी गेला की आधी तिथल्या पाण्याचा थेंब जिभेवर. मला तो 'कवी' म्हणायचा. मी एम.ए. मराठी होतो, कविता एकही केली नव्हती.

कोपरीत आमची घरं समोरासमोर. त्याचा बाप मिठागरावर कामाला, दामाजी घराण्यातला पहिला बी.एस्सी., कोलशेतच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. पेनिसिलिनपासून पुढची औषधं करायला तिथे एक महागडं एन्झाइम लागे. एकदा वापरलं की ते औषधाच्या पाण्यात मिसळून जायचं. दामाजी ते लोखंडाच्या काळ्या भुकटीवर बसवत होता. काम झालं की चुंबकाने भुकटी ओढून धरायची, पाणी काढायचं, भुकटी धुवायची, पुन्हा कामाला लावायची.

"कवी, नोकराला नोकरी सोडून जाता येऊ नये, एवढंच करायचंय," तो म्हणायचा.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मॅनेजरने सांगितलं, मोठ्या टाकीत जमलं नाही तर हा विभाग बंद. चाचणीच्या सकाळी शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं. खाडीजवळच्या बोअरचं पाणी तेवढं होतं. नाथा ऑपरेटर खारेपणाचं मीटर आणायला निघाला. दामाजीने ओंजळीने पाणी चाखलं.

"गोडं पानी हाय. ऱ्हाऊ दे मीटर."

पाणी खारं होतं. मिठागरावर वाढलेल्या जिभेला ते गोड लागलं. एन्झाइम भुकटीला नुसतं चिकटलं होतं, पक्कं बांधलेलं नव्हतं. शुद्ध पाण्यात टिकायचं, मिठाने सुटलं. पहिल्याच धुण्यात सगळं गटारात गेलं. दुसऱ्या फेरीत टाकीत काहीच घडलं नाही.

"भोईर, जिभेने केमिस्ट्री शिकलात काय?" मॅनेजर म्हणाला.

विभाग बंद झाला. दामाजीला गोदामात पाठवलं. हे सगळं त्यानेच मला सांगितलं, किल्ल्या चिकटवत, सोडवत.

मग तो हाच प्रयोग घरी करू लागला. एन्झाइम पक्कं बांधणारं रसायन त्याने कुठूनसं मिळवलं होतं. आता भुकटी मुद्दाम खाऱ्या पाण्यात धुवायची आणि एन्झाइम सुटतं का ते पाहायचं.

"लोणच्याच्या बरणीत लोखंड घातलंय यांनी," त्याची बायको, मंजुळावहिनी म्हणाली. "उद्या ताटात तेच वाढते."

"दादा, टिकलं तर साहेब बघतील?" मी विचारलं.

"नाय बघणार," तो म्हणाला आणि बरणी हलवत राहिला.

गेल्या शुक्रवारी तो गोदामात पोत्यावर टेकला. उठला नाही.

बरणी अजून खिडकीत आहे, चुंबकावर. भुकटी तळाशी घट्ट बसली आहे. वर खारं पाणी, अगदी नितळ. एव्हाना उकाड्याने एन्झाइम मेलंही असेल.

"हे ओतून टाकू का?" वहिनीने विचारलं.

 वरचं पाणी काढून तपासायचं राहिलं आहे.