सुरू झालेले पुन्हा बिघडवणारा

सुरळीत झालेले नेटवर्क आमच्या वर्गातला हा गृहस्थ दर वेळी मुद्दाम पुन्हा का बिघडवतो, हा माझा प्रश्न होता.

कोल्हापुरात राजारामपुरीतील वर्गात आम्ही नेटवर्कमधले दोष शोधण्याच्या प्रमाणपत्र परीक्षेचा सराव करीत असू. एकाच संगणकात अनेक आभासी संगणक जोडलेले असत. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने एक सेटिंग बदलताच तुटलेली जोडणी सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि जुनी, चुकीची सेटिंग परत घातली.

“चाललंय की! कशाला हात लावताय, पावणं?” शेजारचा ओरडला.

जोडणी मात्र सुरूच राहिली.

“म्हंजे दोष ह्यो न्हायच,” तो म्हणाला. “उद्या परीक्षेत ह्येच कारण सांगून सगळी नापास झालो असतो की!”

वाचकांनी आपली एखादी दुरुस्ती अशीच उलटवून स्वतः पडताळून पाहावी.