मचाणावरचा डंपर

भद्रावतीजवळची जमिनीखालची कोळशाची खाण बंद झाली, तेव्हा माझ्या मुलाला सांगण्यात आलं, आता जवळच्या उघड्या खाणीत डंपर चालवायला शीक. नाही जमलं तर दूरच्या खाणीत बदली. सून-नातवंडं त्याच्यासोबत जाणार, घरी उरणार मी आणि म्हैस. तिचं-माझं पटत नाही, म्हणून मी या शिक्षणात लक्ष घातलं.

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. गाडी चालवता येत होती, पण डंपरची केबिन घराच्या आढ्याएवढी उंच, शिडीने चढायचं. हा अर्धं आयुष्य खाली खाणीत वाकून वावरलेला. आधी त्याने केबिनचं छप्परच दांड्याने ठोकून पाहिलं. खाणीत वरचा दगड पडेल का ते असं आवाजावरून ओळखतात. परीक्षा घेणारा हसला. मग हा आत मान खाली घालून बसला. आरशात मागचं दिसणार कसं?

"माय, वरतं बसलो का चक्कर येते मले."

"खाली अंधाराची भीती नाई वाटली, अन् वरतं उजेडाची वाटते काऊन?"

रानडुकरं हाकलायला आमच्या धानात मचाण आहे. रोज संध्याकाळी त्याला तिथे चढवलं, हातात स्टीअरिंग म्हणून सूप दिलं. मी खालून ओरडायची, "मान वर कर! मांगं पाह्य!"

बांधावरून जाणारा शेजारी विचारायचा, "भाऊ, कुठी चालला डंपर? मार्कंड्याच्या जत्रेले?"

सुरुवातीला हा डोळे मिटून खांब धरून बसायचा. पण एके दिवशी वरून आवाज आला, "हो, बसा ना. तिकीट माय फाडून राह्यली." तेव्हा मला वाटलं, आता जमेल.

दुसऱ्या परीक्षेहून तो आला तो अंगणातूनच ओरडत, छाती काढून. "माय वं, पास झालो! आता इथीच राह्यतो. वरून समदं दिसते ना!"

आमच्या घराचं दार ठेंगणं आहे. खाणीत होता तोवर त्याचं डोकं चौकटीला कधी लागलं नव्हतं. त्या दिवशी असं आपटलं की म्हशीनेही वळून पाहिलं. सून हळद घेऊन धावली.

मी म्हटलं, "डंपरात चढाचं शिकला. आता घरात शिराचं शीक."