जाताना एक रूळ, येताना दुसरा

कडुलिंबाच्या मोहोराचा कडसर-गोड गंध आणि गुऱ्हाळाच्या काहिलीतून उठणारा दरवळ कुठे एकत्र आला, की आजही माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, फाल्गुनातली सकाळ होती, उसाच्या शेतांवर धुक्याचा विरळ पदर अजून रेंगाळत होता, आणि केडगावच्या पुढे रुळांलगत असलेल्या, रेल्वे कामगारांच्या आमच्या गँगचाळीतून मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, दक्षिणेच्या डोंगराकडे निघालो होतो. माझ्या पिशवीत भाकरी होती, ठेचा होता, पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि तळाशी घडी घातलेला एक कागद होता, ज्याबद्दल आप्पांपाशी मी चकार शब्द काढला नव्हता.

आप्पा रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरवी निशाणं घेऊन आपल्या हद्दीतले रूळ रोज पायी तपासायचे, रूळ जखडून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, तडा दिसला तर गाडी अडवायची. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम. पावसाळ्यात भरावावरून घसरून त्यांचा गुडघा मोडला, ऑपरेशन झालं, आणि कामावर परतण्याआधीची दौंडच्या दवाखान्यातली तपासणी आता पंधरवड्यावर आली होती. आईला ते पुन्हा लाइनवर जायलाच नको होते. हलकं काम मागण्याचा अर्ज तिने माझ्याकडून लिहून घेतला होता. सही झाली की आप्पा स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून हत्यारं वाटणार होते. "घरी न्हाई ऐकायचा त्यो," ती मला चुलीपाशी हळूच म्हणाली होती, "डोंगरावर दमला की सही घे." डोंगर चढायची टूम मात्र खुद्द आप्पांची होती. त्यांना डॉक्टरच्या आधी स्वतःला विचारून बघायचं होतं.

मी आईच्या बाजूची होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी पुण्याला एका कचेरीत नोकरी करत होते, रोज पॅसेंजरने जात होते, आणि गाडीच्या खडखडाटात मला दररोज त्यांचा तो घसरलेला पाय दिसत होता. मला भीती वाटत होती, आणि भीतीला आपण काळजी म्हणतो तेव्हा ती फार शहाणी वाटू लागते.

पश्चिमेच्या सोंडेने चढायचं, माथ्याच्या धारेवरून चालत जायचं आणि पूर्वेच्या सोंडेने उतरून फेरी पुरी करायची, असा बेत होता. पायथ्याला पळस फुलले होते; पान एक नाही, नुसता केशरी जाळ. वाळलेल्या गवतातून उन्हाची पहिली ऊब वर येत होती, कुठे होला घुमत होता, आणि त्या साऱ्या वसंतवैभवात आप्पा मान खाली घालून चालत होते. पाऊलही ठरलेलं, रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पडावं तेवढंच, ना इंचभर कमी ना जास्त. चढण उभी झाली तरी त्यांनी ते बदललं नाही, आणि नजर तर मुळीच उचलली नाही. त्यामुळे व्हायचं तेच झालं. वाट एका खडकापाशी वर वळली, आम्ही मात्र शेळ्यांच्या पावलांनी मळलेल्या सरळ पट्टीवरून पुढे गेलो, आणि ती पट्टी एका अरुंद कड्यावर जाऊन संपली. मीही त्यांच्या टाचांकडे बघत चाललेली! शेवटी बापाचीच लेक.

वरून कुणीतरी खळखळून हसलं. शेळ्या राखणारी एक म्हातारी धारेवर उभी होती.

"ओ आप्पा, भुईत काय हुडकताय? वाट हिकडं वर ऱ्हायली की!"

आप्पा लाजले, हसले आणि मटकन खाली बसले. गुडघा सुजला होता. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून माझा हात पिशवीत गेला. आईने सांगितलेली वेळ हीच होती. पण कागद बाहेर काढवेना. मी म्हटलं, आप्पा, आल्या वाटेनं परत जाऊ.

"एकच रूळ बघून माघारी? आन् दुसरा कोन बघनार?" एवढं बोलून ते उठले, आणि म्हातारी उभी होती त्या दिशेने, सरळ उभ्या कातळावरून चढू लागले.

मी मागोमाग निघाले खरी, पण अर्ध्यावर खाली पाहिलं. खाली सगळी पोकळी होती. हात दगडाला चिकटले, आणि मला वाटलं, आता इथून हलणं नाही. आप्पा पाच पावलं उतरून माझ्याशेजारी आले, त्याच गुडघ्यावर.

"खाली बघू नगंस. वरबी बघू नगंस. फुडचा स्लीपर बघ, तेवढाच."

ज्या सवयीने आम्हाला कड्यावर नेऊन सोडलं होतं, तिच्याच बोटाला धरून मी वर आले. एक दगड, मग दुसरा दगड, मग त्यापुढचा. माथ्यावर पोचले तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला ओरडणंच म्हणायला हवं; म्हातारीच्या शेळ्या चारी दिशांना पांगल्या आणि तिने मला चार शेलक्या शब्दांत आशीर्वाद दिले.

मग आप्पांनी मान वर केली. उत्तरेला हिरव्या उसातून, गुऱ्हाळांच्या धुरातून, आमच्या चाळीला खेटून त्यांची हद्द या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली होती. सव्वीस वर्षं तुकड्यातुकड्याने पाहिलेली ती लाइन त्यांनी प्रथमच सलग पाहिली. एक मालगाडी सावकाश तिच्यावरून गेली. "सरळ हाय की गं," ते म्हणाले, आणि स्वतःच रूळ अंथरल्यासारखे खूश झाले.

भाकरीचं फडकं सोडताना त्यांनी हात पुढे केला. "दे त्यो कागद." त्यांना सारं ठाऊक होतं. चाळीतल्या भिंतींना कान असतात हे आई विसरली होती. त्यांनी अर्ज नीट वाचला, अक्षर झ्याक आहे म्हणाले, मग गवतावर पसरला आणि त्यावर ठेचा वाढला. तेलाचा डाग बरोबर सहीच्या जागी उमटला. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते ठेच्याचं नव्हतं.

पूर्वेच्या सोंडेने आम्ही उतरलो. आप्पा लंगडत होते, दोनदा बसले, पण फेरी पुरी झाली. दाराशी आईने एकदा त्यांच्या पायाकडे, एकदा माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि पाणी तापत ठेवलं.

तपासणीत आप्पा पास झाले, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीच्या आठवड्यात लाइनवर रुजू झाले. त्या सकाळी मी पॅसेंजरच्या खिडकीत बसले होते. गाडी आली तशी ते नियमाप्रमाणे बाजूला उभे राहिले, निशाण धरून, नजर चाकांवर. खिडक्यांकडे ते कधीच बघत नसत, आणि त्यावरून मी मनातल्या मनात किती वर्षं रुसले होते. त्या दिवशी मी मान बाहेर काढून मागे पाहत राहिले. शेवटचा डबा निघून गेला, आप्पांनी डोकं वर करून दक्षिणेच्या डोंगराकडे क्षणभर पाहिलं, आणि पुन्हा खाली बघत चालू लागले. मला ते नेहमी जातानाच दिसायचे. दुसऱ्या रुळावरून परत येताना पाहायला मी तिथे कधी नव्हते, यापुढेही नसणार होते. पण लंगडत का होईना, ते फेरी पुरी करतात, हे आता मी पाहिलं होतं. खिडकीतून कडुलिंबाचा वास आत आला, आणि त्या सकाळी प्रथमच मी पुण्यापर्यंत शांत झोपले.